सावलीतली हरळी

कुंडलच्या शिवारात हरळीचा विषय निघाला की जोतीरामचं नाव निघायचंच. ते काही गवताच्या मायेपोटी नव्हे. शिमगा सरून रानं मोकळी झाली की बांधाबांधावरून त्याला हाका यायच्या, "जोतीराम, आमच्या पट्टीत लय हरळी माजलीया, येऊन बगा जरा." मग हा गडी खांद्यावर पहार टाकून निघायचा. काळ्या रानात हातभर खोल पहार रोवायची, अंगाचा भार टाकून ढेकूळ उलथं पाडायचं आणि त्यातून हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीत दोरीसारख्या पसरलेल्या पांढऱ्या मुळ्या, वेचून बांधावर उन्हात फेकायच्या. एक पेर जरी मागं राहिलं तरी पावसाळ्यात तिथं पुन्हा हिरवा गालिचा तयार. दुसरे खणणारे वरवर उकरून मोकळे होत. जोतीरामनं खणलेल्या रानात मात्र हरळी वर्षानुवर्षं डोकं काढत नसे. याचा त्याला गर्व होता आणि तो त्यानं कधी लपवून ठेवला नाही. चावडीवर बसून कुणाच्या रानात किती खोल हरळी होती हे तो सांगू लागला, की लोक हळूच उठून घरी जात.

उभी हयात पहारीवर गेल्यानं त्याचे हात हात राहिले नव्हते. तळव्यांची कातडी टाचेच्या कातडीसारखी जाड आणि भेगाळलेली होती. चुलीतला निखारा तो चिमटा न घेता बोटांनी उचलायचा आणि निवांतपणे चिलमीवर ठेवायचा. "जोतीदाच्या हातात बाभळीचा काटा घुसला तर काट्यालाच लागतंय," असं शेजारचा बिराप्पा धनगर म्हणायचा. जोतीराम हसायचा आणि दोन्ही तळवे पुढं करून दाखवायचा. एखादा बिल्ला दाखवावा तसे.

त्याला एकच मुलगा, लालासाहेब. तो पलटणीत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत पाठीच्या मणक्यात तोफगोळ्याचा तुकडा घेऊन परत आला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बराच काळ काढून त्र्याहत्तरच्या दिवाळीत तो घरी आला, चाकाच्या खुर्चीत. कमरेखालचं अंग मेलेलं. विट्याकडच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. ती सोयरीक मुलीकडच्यांनी गाजावाजा न करता मोडली, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा?

दवाखान्यातून निघताना तिथल्या डॉक्टरनं जोतीरामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "याला उन्हात ठेवायचं नाही, याच्या अंगाला नीट घाम येत नाही. कूस बदलत राहायची. आणि मुख्य म्हणजे कातडीला काही टोचू द्यायचं नाही. एकदा जखम झाली की भरत नाही, विष सगळ्या अंगात जातं. त्याला टोचलेलं कळणार नाही, बाबा. तुम्हाला कळलं पाहिजे."

"कळंल की," जोतीराम म्हणाला होता. "आमी हाय न्हवं?"

घरी आल्यापासून लालासाहेब सोप्यातल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. भाकरीचे दोन घास खायचा आणि ताटली सारायचा. आई अंबूबाई त्याची कूस बदलायची, अंग पुसायची, आणि भिंतीकडून वळवलेलं त्याचं तोंड थोड्या वेळात पुन्हा भिंतीकडं झालेलं पाहायची. "आवं, ह्यो बोलत न्हाई, खात न्हाई," ती नवऱ्याला म्हणायची. "तोफगोळ्यानं सोडलं त्येला, आता ही भिंत खाणार." जोतीरामला काही सुचत नव्हतं. रानातलं काय मुळापासून उपटायचं हे त्याला ठाऊक होतं, पण हे कुठून खणायचं?

मग एका दुपारी लालासाहेब आपण होऊन बोलला. भिंतीकडं बघतच म्हणाला, "आबा, तितं दवाखान्याच्या मागं लॉन हुतं. मोठाल्या झाडांच्या सावलीत. दुपारचं आमाला तितं पालथं सोडायचे. छातीला गार लागायचं. मी कोपरांवर सरकत ह्या टोकापासनं त्या टोकापतोर जायचो. कुणी उचलायचं न्हाई, कुणी ढकलायचं न्हाई."

"लॉन म्हंजे रं काय?"

"हरळीच की, आबा. निस्ती हरळी."

जोतीराम उठून बाहेर गेला. "हरळी? माज्या दारात?" एवढंच तो पुटपुटला. पण मुलानं घरी आल्यापासून पहिल्यांदा काही मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या बांधावर बिराप्पानं त्याला पाटीत काशा भरताना पाहिलं. "कुटं टाकाय नेताय, जोतीदा?" त्यानं विचारलं. जोतीराम म्हणाला, "टाकाय न्हाई रं. दारात लावाय." बिराप्पाच्या मेंढरांआधी ही बातमी गावात पोचली. हरळीच्या वैऱ्यानं दारात हरळी लावली म्हणून गाव खूप हसलं. गावाला हसायला फार काही लागत नाही.

त्याच्या दारात कडुनिंबाचं जुनं झाड होतं, त्याची गर्द सावली जवळजवळ सगळ्या अंगणावर. अंबूबाईनं वर्षानुवर्षं शेणानं सारवून घट्ट केलेलं ते अंगण जोतीरामनं पहारीनं फोडलं, ढेकळं हातानं चुरली, खडा न खडा वेचून काढला, बिराप्पाकडचं लेंडीखत मिसळलं आणि काशा लावून पाणी सोडलं. अंगणाच्या रस्त्याकडच्या कडेला, जिथं ऊन लागे, तिथं हरळी लगोलग धरली. झाडाखाली मात्र पिवळे, बारीक धागे वर आले, उजेड शोधत लांबट झाले आणि बसले. हे असंच होणार हे जोतीरामइतकं कुणाला माहीत होतं? ज्या रानात पहार हरायची तिथं तो स्वतःच लोकांना दाट ताग पेरायला सांगायचा. हरळी उन्हाला भीत नाही, पाण्याला भीत नाही, गुरांच्या तोंडाला भीत नाही. भिते ती सावलीला. आणि पोराला तर सावलीच पाहिजे होती.

तरी तो लावत राहिला. जास्त पाणी दिलं तर शेवाळ धरलं. ओढ्याकाठच्या आंब्याखालचं रुंद पानांचं गवत आणून लावलं, ते जगलं, पण त्याचे ठोंब झाले आणि त्याच्यावरून कोपरांनी सरकणं म्हणजे ढेकळांवरून सरकणं. ते उपटून त्यानं पुन्हा हरळी लावली. लालासाहेब रोज सकाळी खुर्ची दारात ढकलायला सांगायचा आणि विचारायचा, "फुटलं का, आबा?" भाकरीही आता अर्धी-पाऊण खायचा. जोतीराम म्हणायचा, "फुटतंय, फुटतंय." आणि मागं वळून पिवळ्या पडलेल्या धाग्यांवर माती सारायचा.

असं किती दिवस खोटं चालणार? एके सकाळी लालासाहेबानं वाकून एक धागा उपटला. तो मुळासकट हातात आला. "ऱ्हाऊ द्या, आबा," तो म्हणाला. "आपल्यात न्हाई व्हायचं." आणि खुर्ची आत घ्यायला सांगून तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला. त्या दिवशी तो काहीच जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी जोतीराम कोयता घेऊन कडुनिंबावर चढला. "आवं, उन्हाळा तोंडावर आलाय, अन् सावलीचं झाड तोडताय?" अंबूबाई खालून ओरडली. त्यानं ऐकलं नाही. खालच्या फांद्या साफ काढल्या, वरच्या विरळ केल्या. झाड बोडकं झालं, पण सकाळचं ऊन आता तुकड्यातुकड्यांनी खाली उतरू लागलं. दुपार कलली की घराचीच सावली अंगणावर पडायची. गवताला सकाळ आणि पोराला दुपार अशी त्यानं मनात वाटणी करून टाकली. मग त्यानं पुन्हा काशा लावल्या आणि घरातलं पिण्याचं सोडून उरलेलं सगळं पाणी तिथं ओतलं.

आषाढ संपेपर्यंत हरळी एकमेकीत गुंतून घट्ट झाली. श्रावणातल्या एका उघडिपीच्या दुपारी नवरा-बायकोनं मिळून लालासाहेबाला उचलून तिच्यावर पालथं सोडलं. खाली वाकळ घालायला तो तयार नव्हता. "वाकळ नगं. मला गवत पायजे," तो म्हणाला. थोडा वेळ तो गाल टेकून तसाच पडला. मग कोपरं रोवून त्यानं अंग ओढलं. पाय मागून फरफटत आले. झाडाच्या बुंध्यापर्यंत गेला, वळला आणि धापा टाकत परत आला, आणि बापाच्या पायाशी येऊन हसला. अंबूबाई पदरात तोंड घालून चुलीकडं पळाली. जोतीरामनं आयुष्यात एवढी रानं साफ केली होती, पण त्या दिवशी वाटलं तसं त्याला कुठल्याच रानात वाटलं नव्हतं. गवताचा तो लहान तुकडा त्याला सगळ्या शिवारापेक्षा मोठा वाटला.

तेव्हापासून लालासाहेब माणसात आला. रोज दुपारी अंगणात उतरायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, बिराप्पाशी पलटणीच्या गप्पा मारायचा. एकाच गोष्टीवरून बापलेकांचं वाजायचं. "आबा, दवाखान्यातला माळी सावलीतलं गवत लांडं करायचा न्हाई. चार बोटं उंच ठेवायचा. सावलीत त्येला पातीच जास्त लागतीया म्हनायचा," लालासाहेब सांगायचा. जोतीराम मान हलवायचा. "आन् त्येच्यात इंचू-किरडू बसलं मंजी? तुला कळायचं बी न्हाई चावल्यालं. दारातलं गवत ल्हानच बरं."

आपल्याकडे कुठलंही शेतकरी घर घ्या, दारात वाढलेलं गवत कुणाला सहन होत नाही. गवत वाढलं की पहिली आठवण सापाची. आणि ज्याचं पोरगं पालथं लोळतं त्याला ती भीती दुप्पट असणार, यात नवल काय? म्हणून जोतीराम रोज सकाळी विळ्याला धार लावून उकिडवा बसायचा आणि बैलाचा चारा कापावा तशी हरळी बुडापासून तिरकी कापायचा. सगळी कापून झाली की उजव्या हाताचा तळवा तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. खडा लागतो का, काटा लागतो का, सगळं चाचपायचा. डॉक्टरचं बोलणं तो विसरला नव्हता. "बग, कसं लोन्यावानी झालंय," तो अंबूबाईला म्हणायचा. तिला कामातून वाकायला सवड कुठली? ती लांबूनच मान डोलवायची.

नवरात्रात अंबूबाईला लालासाहेबाचं अंग पुसताना कमरेच्या पुढच्या हाडाजवळ बारीक लाल ठिपके दिसले. बाजरीच्या दाण्याएवढे. घामोळ्या असतील म्हणून तिनं हळद-तूप लावलं आणि नवऱ्याला सांगितलं. त्यानंही पाहिलं. "गवतावरच पडू दे जरा जास्त, गार लागंल," तो म्हणाला. दसऱ्यापर्यंत ठिपक्यांची जागा काळी पडली. मग कातडी फाटली आणि आत खड्डा दिसला, आणि लालासाहेबाला अंगात कापरं भरून ताप आला. गावातल्या ओळखीच्या जीपमध्ये घालून त्यांनी त्याला सांगलीला नेलं.

तिथल्या दवाखान्यातला डॉक्टर वयानं लहान होता, पण समजूतदार होता. त्यानं जखम उघडून पाहिली आणि विचारलं, "कशावर झोपवत होता याला? कातडीला बारीक बारीक पुष्कळ टोचलंय, आणि वरून घासलंय."

"गवतावर, सायेब. पर लय मऊ हाय वो. मी रोज हातानं बगत हुतो," जोतीराम म्हणाला आणि पुरावा म्हणून तळवा पुढं केला. डॉक्टरनं तो हात धरला, अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि मग सोडून दिला. जोतीरामला त्यात काही कळलं नाही.

लालासाहेब दिवाळीच्या आधी गेला. शुद्धीत होता तोवर तो एकच गोष्ट विचारत होता, "आबा, गवताला पानी कोन घालतंय?" बिराप्पा घालतोय असं जोतीरामनं सांगितलं, आणि बिराप्पा खरोखरच घालत होता.

तेराव्याचे पाहुणे गेले, घर रिकामं झालं. अंबूबाई अंगण झाडायला म्हणून बाहेर आली आणि झाडू टाकून लालासाहेब पडायचा त्याच जागी पालथी पडली. गवतावर गाल घासून घासून रडली. बिराप्पानं जोतीराम सांगलीला जाताना ठेवून गेला होता तोच विळा चालवून गवत बुडापासून कापून ठेवलं होतं. जोतीरामसारखंच, अगदी मन लावून. बऱ्याच वेळानं अंबूबाई उठून बसली तेव्हा जोतीराम उंबऱ्यात उभा होता. तिच्या गालावर लाल ठिपके उठले होते. बाजरीच्या दाण्याएवढे.

तिनं गालाला हात लावला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली. "आवं," ती हळू आवाजात म्हणाली, "टोचतंय की वो ह्ये."

"काय टोचतंय?"

"कापल्याली खुटं. सगळं गवत टोचतंय."

जोतीराम खाली बसला. त्यानं तळवा टेकला, दाबला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. त्याला नेहमीसारखंच मऊ लागलं. त्यानं दुसरा हात टेकला, तोही तेच म्हणाला. मग त्यानं अंबूबाईच्या गालाकडं पाहिलं, आपल्या तळव्याकडं पाहिलं, आणि त्याला सांगलीच्या डॉक्टरचा अंगठा आठवला. पुण्याचा डॉक्टर काय म्हणाला होता तेही आठवलं. त्याला कळणार नाही, तुम्हाला कळलं पाहिजे. पण जोतीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही.

"खणून टाका ती," अंबूबाई म्हणाली. "तुमच्या पहारीनं खणून टाका. एक काशी ठिवू नगा."

"न्हाई," तो म्हणाला. "आजून न्हाई."

सगळ्या गावाला वाटलं होतं की आता हा दुःखानं पेटून ती हरळी मुळापासून काढणार. त्यानं पहारच उचलली नाही, ना दारात ना दुसऱ्याच्या रानात. शिमग्यानंतर हाका आल्या, त्यानं "जमायचं न्हाई" म्हणून सांगितलं. लोकांनी दोनदा विचारलं आणि मग दुसरे खणणारे शोधले. कडुनिंबाला धुमारे फुटले, पुन्हा सावली दाटू लागली, गवत पिवळं पडायला लागलं. आता आपोआप मरेल म्हणून अंबूबाईनं सुस्कारा टाकला. तर हा म्हातारा कोयता घेऊन पुन्हा झाडावर चढला आणि सगळे धुमारे छाटून खाली आला. सकाळी तो विळ्यानं गवत कापायचा, पूर्वीसारखंच बुडापासून, तिरकं. आणि दुपारी न्हाणीतली वजरी, म्हणजे टाचा घासायचा खरखरीत दगड, घेऊन अंगणात बसायचा आणि तळवे घासायचा. कोमट पाण्यात हात भिजवायचा, घासायचा, पुन्हा भिजवायचा. कातडीचे पापुद्रे निघायचे, कधी रक्त यायचं. अंबूबाईनं वजरी लपवली तर त्यानं खापराच्या तुकड्यानं घासलं. शेवटी तिनंच ती आणून त्याच्यापुढं ठेवली.

"जोतीदाच्या डोक्यावर परिनाम झालाय," बिराप्पा लोकांना सांगायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं. हात घासून झाले की म्हातारा तळवा गवतावर टेकवायचा, थोडा वेळ थांबायचा आणि मान हलवून आत जायचा. पावसाळा गेला. पहार नाही, निखारा नाही, त्याच्या हातांची कातडी हळूहळू मऊ पडत गेली. बाईमाणसाच्या हातासारखी, असं लोक म्हणायचे, आणि आता ते हसून म्हणत नव्हते.

पुढच्या नवरात्रात एका सकाळी अंबूबाई देवीच्या घटाला पाणी घालत होती. बाहेरून नवऱ्याची हाक आली म्हणून ती उठून दारात गेली. जोतीराम नुकत्याच कापलेल्या हरळीपाशी बसला होता. त्यानं तळवा टेकला आणि निखाऱ्यावर पडावा तसा झटक्यानं मागं घेतला. मग पुन्हा टेकला आणि दाबून धरला, सगळा भार देऊन. तिच्याकडं वर पाहिलं तेव्हा त्याचं सगळं तोंड भिजलेलं होतं. पोराला अग्नी देतानाही तो असा रडला नव्हता.

"टोचतंय गं," तो म्हणाला. "येवडं टोचत हुतं. आन् मी त्येला मऊ म्हनत हुतो."